आत्याच्या खांद्यावरची माशी

आमच्या बोलीत माशी आणि गांधीलमाशी यांच्यात फारसं अंतर नाही, दोन्ही माश्याच. घराबाहेर पडून आमच्या बेटावरची सगळ्यांची भाषा, क्रेओल, बोलायला लागलं तरी सुटका नाही. क्रेओलमध्ये माशीला 'मूस' म्हणतात आणि गांधीलमाशीला 'मूस झोन', म्हणजे शब्दशः पिवळी माशी. आता एखादी माशी खरोखरच पिवळी असली आणि तरी ती नुसती माशीच असली, तर तिला काय म्हणायचं? या प्रश्नावरून आमच्या घरात एक अख्खा हंगाम भांडण चाललं.

सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरचा सुमार असेल. बेटाच्या उत्तरेला, रिव्हिएर दू रांपारला आमचं घर होतं आणि घरामागे बाबांचा भाजीचा मळा. काकडी, दोडका, मिरची आणि सगळ्यात लाडकी कारली. मला गावच्या प्राथमिक शाळेत नुकतीच नोकरी लागली होती, त्यामुळे घरात कुठलाही कागद लिहायचा किंवा वाचायचा असला की तो माझ्याकडे यायचा. कुंपणापलीकडे बाबांची थोरली बहीण, म्हणजे माझी आत्या राहायची. तिचाही मळा होता, तिच्याही मळ्यात कारली होती, आणि कुंपणाच्या दोन्ही बाजूंना काय चाललंय यावर तिचं सारखंच लक्ष असायचं.

त्या वर्षी कारली नासायला लागली. बोटाएवढी झाली की पिवळी पडायची, वाकडी व्हायची, आणि कापली तर आत पांढऱ्या अळ्या वळवळायच्या. बाबा रोज सकाळी मांडवाखाली उकिडवे बसून गुन्हेगार शोधायचे. चौथ्या की पाचव्या दिवशी ते धावत घरात आले.

"सापडली! हवेत एका जागी उभी राहते आणि माझ्याकडे बघते!"

आई आणि मी बघायला गेलो. खरंच होतं. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची, बारीक कमरेची एक माशी मांडवाखाली हवेत स्थिर टांगल्यासारखी होती. पंख दिसत नव्हते, नुसती थरथर दिसत होती. बाबा डावीकडे सरकले की तीही सरकायची. बाबांनी हात उचलला की ती वीतभर मागे जायची आणि पुन्हा थांबायची.

"बघितलंत? चोरी पकडली गेली म्हणून नजर ठेवून आहे," बाबा म्हणाले.

तोवर आत्या कुंपणाशी येऊन पोचली होती. तिने एकदाच पाहिलं.

"ती मूस झोन हाय. पोळं असणार हितंच कुठंतरी. जाळून टाक."

"मूस झोन नाही अक्का, मूस आहे. हीच कारली नासवते."

"पिवळी हाय का न्हाय?"

"पिवळी आहे."

"मग मूस झोन."

आत्याने दुसऱ्या दिवशी पहाटे आमच्या मांडवाखाली नारळाच्या सोडणांची धुरी केली. तीन दिवस धूर. पोळं काही सापडलं नाही, कारल्याची पानं मात्र मलूल झाली, आईच्या वाळत घातलेल्या कपड्यांना मासे भाजल्यासारखा वास येऊ लागला, आणि माशी धुराच्या बरोबर एक हात बाजूला थांबून सगळं बघत राहिली. चौथ्या दिवशी आईने जाहीर केलं, "वन्सं, आता पुरे. त्या माशीचं नाव काय ते एखाद्या शिकलेल्या माणसाला विचारा, आणि नंतर भांडा."

शिकलेला माणूस म्हणजे शेतकी खात्यातले साहेब. ते बसायचे बेटाच्या वरच्या, डोंगराकडच्या भागात, पोर्ट लुईला जाऊन दुसरी बस धरावी लागायची. शाळेला सुट्टी होती, म्हणून मीही बाबांबरोबर निघाले. बाबांनी माशी टोपीखाली पकडून जॅमच्या बाटलीत घातली होती आणि आईने झाकणाला खिळ्याने भोकं पाडली होती. बस सुटली, आणि थोड्या वेळाने बाबांच्या मनात शंका आली की एवढ्याशा भोकांतून जिवाला हवा पुरत नसेल. त्यांनी खिशातून चाकू काढला आणि भोकं मोठी केली. ती इतकी मोठी झाली की माशी आरामात बाहेर आली आणि पुढच्या बाकावरच्या बाईच्या अंबाड्यापाशी हवेत उभी राहिली.

"मूस झोन!" कुणीतरी किंचाळलं.

बाबा ताडकन उभे राहिले आणि सगळ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात क्रेओलमध्ये म्हणाले, "मूस झोन नाही! साधी मूस आहे! फक्त झोन आहे!"

याचा व्हायचा तोच परिणाम झाला. ज्यांनी पहिल्यांदा ऐकलं नव्हतं त्यांनीही आता 'मूस झोन' दोनदा ऐकलं. कंडक्टर तिकिटांची पेटी गरगर फिरवू लागला, ड्रायव्हरने उसाच्या दोन शेतांच्या मध्ये बस थांबवली, आणि सगळे प्रवासी रस्त्यावर उतरले. एक आजोबा कोंबडीसकट उतरले. बसमध्ये उरलो मी, बाबा आणि माशी. ती थोडा वेळ ड्रायव्हरच्या चाकावर बसली, पाय पायांवर घासले, आणि खिडकीतून उसात निघून गेली.

मी बाबांचा हात धरून त्यांना खाली बसवलं, कारण ते तिच्यामागे निघाले होते. दाखवायला माशीच उरली नाही, म्हणून आम्ही तिथूनच परत फिरलो. वाटेत ते म्हणाले, "आपल्या मळ्यातली आहे गं ती. एवढ्या लांबून तिला घरचा रस्ता कसा सापडणार?" म्हणजे जिच्यावर कारली नासवल्याचा आरोप होता, तिचीच काळजी.

काळजीचं कारण नव्हतं. दुसऱ्या दिवशी मांडवाखाली तशाच सहा माश्या होत्या. बाबांच्या मते त्यातली एक परत आलेली होती.

मग आम्ही टपालाचा मार्ग धरला. एक मेलेली माशी कापसात गुंडाळून काडेपेटीत ठेवली, मी इंग्रजीत पत्र लिहिलं, आणि पाठवलं. दोन आठवड्यांनी टाइप केलेलं उत्तर आलं. ओसरीवर सगळे जमले, आत्या कुंपणावरून वाकली, आणि मी एकेक वाक्य मराठीत करून सांगितलं.

"आपली काडेपेटी पोचली. टपालाचा शिक्का जरा जोरात बसल्यामुळे ती सपाट झाली आहे. आत थोडा कापूस आणि एक पाय आहे. पायावरून हा कीटक असल्याचं खात्रीने सांगता येतं."

"कीटक हाय ते मलापण दिसत होतं," आत्या म्हणाली. "साहेब कसला तो?"

पुढे साहेबांनी लिहिलं होतं की, कॅमेरा असेल तर माशीचा स्पष्ट फोटो काढून पाठवा. वरून काढा म्हणजे पंख मोजता येतील. गांधीलमाशीला चार पंख असतात, माशीला दोनच. हे ऐकल्यावर बाबा आणि आत्या दोघांनी एकदमच "बघ!" म्हटलं.

कॅमेरा आमच्या ओळखीत एकाच माणसाकडे होता. माझा मामा, आईचा धाकटा भाऊ, तिकडे दक्षिणेला प्लेन मान्येनला राहायचा आणि विमानतळावर सामान चढवण्या-उतरवण्याचं काम करायचा. कुणा परदेशी पाहुण्याकडून त्याने तो कॅमेरा घेतला होता. कातड्याच्या पेटीत, पेटी पिशवीत आणि पिशवी छातीशी धरून तो हिंडायचा. त्याच्या मते फोटो काढण्याजोग्या गोष्टी जगात दोनच होत्या, लग्न आणि विमान. आईने त्याला निरोप धाडला तेव्हा मला वाटलं तो हसेल. पण तो रविवारी सकाळी अख्खं बेट ओलांडून, तीन बस बदलून हजर झाला.

"माशी उडते ना?" त्याने विचारलं.

"उडते."

"मग जमेल."

जमलं नाही. विमान येणार कुठून आणि जाणार कुठे हे आधीपासून ठरलेलं असतं. मामाच्या कॅमेऱ्याला तीन फुटांच्या आतलं काही दिसत नसे, सगळं धुरकट व्हायचं. त्यामुळे तो माशीकडे दोन पावलं जायचा, मग एक पाऊल मागे यायचा, डोळा लावायचा, भिंगाची कडी फिरवायचा, आणि तेवढ्यात ती मांडवाच्या दुसऱ्या टोकाला. मागोमाग बाबा हाताने दिशा दाखवत पळायचे. रोलमध्ये छत्तीस फोटो होते, त्यातले पाच विमानांनी आधीच खाल्ले होते. दहा वाजेपर्यंत आणखी आठ गेले. मामा मिरचीच्या वाफ्यात एकदा बसला, एकदा आडवा झाला.

इतक्यात आत्या आली. ती देवळातून परतत होती, अंगावर हळदी रंगाची साडी होती. कुंपणाचं फाटक उघडून ती आत आली ती मामाला फोटो कसा काढावा हे सांगायला. दोन पावलं टाकली असतील, आणि माशी सरळ रेषेत उडत येऊन तिच्या डाव्या खांद्यावर बसली. शांतपणे, पंख पसरून.

मामा क्रेओलमध्ये ओरडला, "आला ली!" म्हणजे, ती बघा, तिथे आहे! पण तो मूळचा मराठी माणूस, समोरची बाईही मराठी, आणि नुकतंच मराठीत बोलणं चाललेलं.

"कोण आला?" म्हणून आत्या गर्रकन मागे वळली.

माशी उडाली. पण सगळ्यांना गोष्ट कळली होती. मांडवावरच्या पिवळ्या फुलांपेक्षा आत्याची पिवळी साडी तिला जास्त आवडली होती. बाबांनी पुन्हा पाहायला म्हणून आत्याला चार पावलं चालवलं, माशी आली. उभं केलं, दोन आल्या.

"अक्का, तू जरा बस मांडवाखाली. हलू नकोस," बाबा म्हणाले.

"मी बसू? आणि ती मला चावली म्हंजे?"

"माशी चावत नाही."

"मूस झोन चावते."

इथे बाबांनी आयुष्यातला एकुलता एक कावा केला. "चावली तर तू जिंकलीस," ते म्हणाले.

आत्याने विचार केला. मग म्हणाली, "बसते. पण माझा फोटो काढायचा तर नीट काढायचा. अशी ध्यानासारखी न्हाय बसणार." आणि ती घरी निघून गेली.

अर्ध्या तासाने आली. तोंडाला पावडर, केसांना तेल, गळ्यात लग्नातली सोन्याची माळ. तिच्या मागून आतोबा, म्हणजे तिचे यजमान, बैठकीतली कोरीव खुर्ची डोक्यावर घेऊन आले. त्यांनी ती मांडवाखाली, लोंबणाऱ्या कारल्यांच्या समोर ठेवली, पाय मातीत रुतू नयेत म्हणून खाली चार विटा लावल्या, आणि आपण बाजूला उभे राहिले. आत्या बसली. हात मांडीवर, नजर समोर, मान ताठ. तिचा शेवटचा फोटो लग्नात काढला होता, आणि त्यात तिचं तोंड मुंडावळ्यांत झाकलेलं होतं असं ती नेहमी सांगायची.

"पा बुझे!" मामाने हुकूम सोडला. हलू नका.

माशी आली. बसली. आत्याच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी गोठलं. दात न उघडता ती विचारू लागली, "बसली?"

"बसली," बाबा कुजबुजले.

"काय करते?"

"काही नाही. पाय पुसते."

"नांगी?"

"मला इथून दिसत नाही."

"मग कुठनं दिसतंय? जवळ जाऊन बघ की! खांदा माझा हाय!"

"अक्का, तोंड जरा उजवीकडे," मामा म्हणाला. "आणि हनुवटी वर."

"तोंडाचं काय करायचंय?" बाबा वैतागले. "पंख मोजायचेत!"

"दाजी, तोंड चांगलं आलं नाही तर फोटो वाया जातो."

"बरोबर बोलतात पाव्हणं," आत्या दातांमधून म्हणाली.

असे अठरा फोटो निघाले. प्रत्येक वेळी माशी बसायची, मामा कडी फिरवायचा, आत्या हनुवटी वर करायची. मध्येच एकदा माशी खांद्यावरून गळ्यातल्या माळेवर आली तेव्हा आत्याने डोळे मिटून मोठ्याने रामरक्षा सुरू केली. आई मागून उसाच्या रसाचे पेले घेऊन आली तर बाबांनी आणि मामाने तिला हातानेच परत पाठवलं, कारण एका पेल्यामागे खऱ्या गांधीलमाश्या लागल्या होत्या. शेवटच्या पाच फोटोंत मामाने आत्याबरोबर आतोबांना उभं केलं, मग आम्हा सगळ्यांना, आणि त्या वेळी माशी कुठे होती हे कुणी बघितलंही नाही. रोल संपला. आत्याला कुणी चावलं नव्हतं. ती थोडी नाराजच दिसली.

रोल मामाने पोर्ट लुईच्या एका स्टुडिओत दिला. रंगीत फोटो यायला तेव्हा आठवडेच्या आठवडे लागायचे. जाताना मी मामाला बजावलं होतं की त्यातला सगळ्यात चांगला फोटो मोठा करून घे, म्हणजे साहेबांना माशी नीट दिसेल.

महिन्याभराने मामा पाकीट घेऊन आला. आत पाच विमानं होती आणि बाकी आत्या. सकाळी मांडवाखाली पळत काढलेले आठ फोटो स्टुडिओवाल्याने छापलेच नव्हते. 'त्यात कुणीच नव्हतं,' असं त्याने सांगितलं होतं. उरलेल्यांत आत्याच्या खांद्यावर तिळाएवढा काळा-पिवळा ठिपका होता. माझ्या शाळेचं भिंग आणून आम्ही तो आळीपाळीने पाहिला. बाबांना दोन पंख दिसले, आत्याला चार.

मग मामाने मोठा केलेला फोटो काढला. वहीच्या पानाएवढा, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला. आत्या त्यात इतकी छान आली होती की क्षणभर आम्ही माशीला विसरलो. चेहरा तुकतुकीत, माळेचा मणी न् मणी स्पष्ट. आतोबांनी तो दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, "छान आलीस."

मग बाबा म्हणाले, "माशी कुठाय?"

खांदा रिकामा होता. आम्ही फोटो उजेडात धरला, तिरका धरला. हळदी रंगाची साडी, एकही ठिपका नाही.

मामाचा चेहरा पडला. "स्टुडिओवाला म्हणत होता, ताईंच्या खांद्यावर एक डाग होता, तो मी ब्रशने काढून टाकला. जास्तीचं काम आवडीने केलंय म्हणाला. मला वाटलं रसाचा वगैरे डाग असेल."

बाबा ओसरीच्या पायरीवर बसले. एक अख्खा हंगाम, एक बस, एक काडेपेटी, एक रोल, आणि माशीच पुसलेली. आई तोंडाला पदर लावून आत गेली, आणि आतून तिच्या हसण्याचा आवाज येत राहिला.

मी म्हटलं, असू दे, जे आहे ते पाठवू. मी छोटे चार फोटो घेतले, त्यांच्या निगेटिव्हच्या पट्ट्या घेतल्या, आणि पुरावा पुरा असावा म्हणून मोठा फोटोही पाकिटात घातला. तो द्यायला आत्या तयार नव्हती. परत पाठवण्याची विनंती पत्रात दोनदा लिहायला लावली तेव्हाच तिने सोडला. ते पत्र लिहायला मला एक संध्याकाळ लागली. त्यातलं एक वाक्य अजून पाठ आहे: 'छोट्या फोटोत माशी आहे पण फार लहान आहे, मोठ्या फोटोत ती मोठी झाली असती, परंतु त्यात ती नाही.'

साहेबांनी मनावर घेतलं. उत्तर आलं ते हाताने लिहिलेलं, अडीच पानं. मी आधी मनात वाचलं आणि मग पुन्हा ओसरीवर सभा भरली.

"निगेटिव्ह सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून पाहिली," मी वाचू लागले. "बाईंच्या खांद्यावर जो कीटक आहे त्याला दोन पंख आहेत."

बाबा उभे राहिले.

"ती माशी आहे. गांधीलमाशीचं सोंग घेते, म्हणजे पक्षी तिला खायला घाबरतात."

"पक्षीच कशाला?" बाबांनी आत्याकडे बघून म्हटलं.

"परंतु ही माशी कारली नासवत नाही. ती फुलांवर जगते आणि तिची पिल्लं पानांवरचा मावा खातात. ती तुमच्या मळ्याची मित्र आहे. तिला मारू नये आणि धुरी देऊ नये."

आता आत्या बाबांकडे बघू लागली. बाबा पुन्हा बसले.

मी पान उलटलं. "मोठ्या फोटोबद्दल विशेष आभार. बाईंच्या खांद्यावर काहीच नसल्यामुळे माझं लक्ष मागे गेलं. त्यांच्या उजव्या कानामागे जे कारलं लोंबत आहे, त्यावर एक तांबूस माशी पंख पसरून बसली आहे. पंखाच्या कडेला तपकिरी पट्टा स्पष्ट दिसतो. ही फळमाशी. ती कोवळ्या कारल्याला टोचून आत अंडी घालते. फोटो काढला जात असताना ती नेमकं तेच करत होती."

आम्ही सगळे त्या दिवशी तिथे होतो. सहा माणसं, एक कॅमेरा, आणि आमच्या नाकासमोर, आत्याच्या कानामागे, खरी गुन्हेगार आपलं काम उरकत होती. आमच्यातल्या एकानेही तिच्याकडे बघितलं नव्हतं. स्टुडिओवाल्यानेही नाही, कारण ती कारल्याला लागलेला डाग होती आणि कारलं सजवायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

आत्या पहिली सावरली. "ती दुसरीपण पिवळीच हाय ना?"

"तांबूस," मी म्हटलं.

"म्हंजे पिवळीच. मी काय सांगत होते?"

पत्रात शेवटी एक प्रश्न होता. 'नासलेली कारली मळ्याच्या आसपास पडून असतात काय? त्यांतल्या अळ्यांच्याच पुढे माश्या होतात.' हा प्रश्न वाचून मी बाबांकडे पाहिलं. बाबा रोज सकाळी नासलेली कारली गोळा करून कुंपणापलीकडे भिरकावायचे, हे आईला आणि मला माहीत होतं. आतोबा तेवढ्यात घसा खाकरून म्हणाले, "आम्ही ती परत इकडे टाकतो." म्हणजे कित्येक महिने तीच कारली कुंपणावरून ये-जा करत होती आणि दोन्ही बाजूंना भरभरून माश्या वाटत होती. बाबा नि आत्या एकमेकांकडे बघत राहिले. त्यांच्यातली एवढी समसमान चूक मी आयुष्यात पुन्हा पाहिली नाही.

दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून कुंपणालगत खड्डा खणला आणि सगळी कारली पुरली. साहेबांनी सांगितलं होतं की वेलावरचं प्रत्येक कोवळं कारलं कागदाच्या किंवा कापडाच्या पिशवीत बांधा. कागद पावसात दोन दिवस टिकला. मग आत्याने शिवणयंत्र बाहेर काढलं. जुनी झबली, आतोबांचे पायजमे, शाळेतून मी आणलेले पडद्याचे तुकडे, सगळ्यांच्या लांबट पिशव्या झाल्या. आत्याला नुसतं शिवून समाधान नव्हतं. तिने काहींना झालर लावली, काहींना खालून बटण. लोकं सायकल थांबवून बघायला लागली. पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्यातली कारली मांडवाला लोंबत असायची आणि वाऱ्याने हलायची. गावातल्या एका म्हातारीने आईला गंभीरपणे विचारलं की हे कुठलं व्रत आहे. आईने सांगितलं, "वन्संना विचारा, त्यांनीच धरलंय."

कारली मात्र त्या वर्षी पुढे सरळ, हिरवीगार आली.

पुढल्या वर्षी साहेब स्वतः आले. चष्म्याचे, बारीक, खूप हळू बोलणारे गृहस्थ. हातात कापडी जाळी, खिशात छोटं भिंग. त्यांनी आमच्या पिशव्या पाहिल्या, झालरीपाशी जरा थबकले. मग आत्या आली. त्या दिवशी ती मुद्दाम हळदी साडी नेसली होती. साहेबांनी टोपी काढली.

"तुम्हाला ओळखतो मी," ते क्रेओलमध्ये म्हणाले. "तुमचा डावा खांदा माझ्या टेबलावर दोन आठवडे होता."

आत्या लाजली. कुठल्याही पुरुषाने तिच्याशी असं बोललेलं मी ऐकलं नव्हतं. तेवढ्यात सवयीप्रमाणे माशी येऊन बसली. साहेबांनी अलगद जाळी टाकली, तिला काचेच्या नळीत घेतलं, भिंग लावलं, आणि आत्याला बोलावून दाखवलं.

"डोळे बघा. डोक्यावर मधोमध एकमेकांना भिडलेत. असे भिडलेले असले की नर. मादीच्या डोळ्यांत फट असते."

"म्हंजे हा बाप्या हाय?"

"हो. एका जागी हवेत उभे राहून वाट बघतात ते बहुतेक नरच."

आत्याने नळीतल्या माशीकडे बराच वेळ बघितलं. मग पदर डाव्या खांद्यावरून ओढून घट्ट खोचला, आतोबांकडे एक नजर टाकली, आणि आईला हाक मारून म्हणाली, "वयनी, सायबांना चहा दे. आणि त्या बाप्याला सोडा म्हणावं, पण त्या तिकडच्या वाफ्यात."